कुठल्या दारात मोजायचं

४ मार्च, मंगळवार

एक्क्याण्णव हा आकडा चुकीचा आहे. आणि तो मी लिहिलाय!

दुपारी डबा खाऊन झाल्यावर सहज मूळ कागद उघडला. एका शब्दाचं शुद्धलेखन बघायचं होतं, बस. तर तक्त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात तळटीप — 'फक्त पेयांच्या बाटल्या, दुकानात परत आलेल्या.' म्हणजे त्या देशात शंभरातल्या एक्क्याण्णव बाटल्या दुकानात परत येतात, एवढंच. आणि मी काय लिहिलं? 'एकूण प्लास्टिकपैकी पुन्हा वापरात आलेलं — ९१ टक्के.' कुठे बाटल्या, कुठे एकूण प्लास्टिक! कुठे परत येणं, कुठे वापरात येणं! एका ओळीत दोन चुका.

अहवाल शुक्रवारीच समितीच्या सातही जणांकडे गेला. खाली माझी सही.

डोकं धरून बसले. शेजारच्या टेबलावरून प्रश्न आला, 'बरं नाही का?' म्हटलं, ऊन लागलं. आमच्या खोलीत ऊन कुठून येणार! खिडकी जिन्यात उघडते.

५ मार्च, बुधवार

पहाटेच जाग आली. डोकं ठिकाणावर राहावं म्हणून पहिल्यापासून लिहिते.

शहरातल्या प्लास्टिकच्या कचऱ्याचं पुढची पंचवीस वर्षं काय करायचं ते समिती ठरवणार. चार देश काय करतात, त्यांना ते कितीला पडतं, ही तुलना आमच्या कचेरीनं करून द्यायची. चार महिने मी तेच करतेय. मनातल्या मनात त्या देशांना मी नावं ठेवलीत. बाटलीवाले — बाटली विकतानाच अनामत घेतात, रिकामी आणून दिली की परत करतात. भट्टीवाले — जाळतात आणि त्यावर वीज करतात. पिशवीवाले — कचऱ्याची पिशवी सरकारकडून विकत घ्यायची, जितका कचरा तितका खर्च. वेगळं करून दिलं तर फुकट. आणि जहाजवाले — गोळा करून जहाजात भरतात आणि हात झटकतात.

आमच्या समितीपुढे रस्ते दोनच. एक, मोठी भट्टी. दुसरा, बाटल्यांना अनामत आणि हातानं वर्गवारी करणाऱ्या पाच शेडना बळ. माझ्या एक्क्याण्णवामुळे दुसऱ्याचं पारडं जड झालंय. अध्यक्षांनी आमच्या कचेरीप्रमुख मॅडमना फोन करून सांगितलं म्हणे, 'त्या एका आकड्यानं माझं मत फिरलं.' मॅडम माझ्या पाठीवर थाप मारून गेल्या. ती थाप अजून दुखतेय.

आता खरी गोष्ट. त्या पाचपैकी एका शेडचा मुकादम माझा सख्खा भाऊ आहे. वहिनीही तिथेच, वर्गवारीच्या सरकत्या पट्ट्यावर. कचेरीत हे कुणाला माहीत नाही. मी लपवलं नव्हतं. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. लपवल्यासारखंच वाटतं.

६ मार्च, गुरुवार

अजून कुणाला सांगितलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

दशांशला सांगितलं. आमच्या खोलीतला आकडेमोड्या — वय विचारलं तरी दोन दशांश स्थळांपर्यंत सांगेल. त्यानं शांतपणे ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाला, 'तळटीप कोण वाचतं? तूच नाही वाचलीस.' मला हसू आलं आणि लगेच रडूही.

मग मात्र तो कामाचं बोलला. 'बाकीच्या तिघांच्या तळटिपा वाचल्यास?'

दुपारभर दोघं तेच करत बसलो. पायाखालची जमीनच सरकली! एकाचाही आकडा दुसऱ्याशी लावण्याजोगा नाही. बाटलीवाले दुकानाच्या दारात मोजतात. पिशवीवाले वर्गवारीच्या दारात — आत जे गेलं ते सगळं 'पुन्हा वापरलं'. भट्टीवाले तर जाळलेलंही 'उपयोगात आणलं' म्हणून धरतात. वीज निघाली ना, झालं! जहाजवाले बंदराच्या दारात. जहाज सुटलं की पाटी कोरी. पुढे त्याचं कुठे काय झालं, समुद्रालाच ठाऊक.

प्रत्येकानं आपल्याला सोयीच्या दारात काटा मांडलाय. आणि मी चौघांचे आकडे एका रांगेत बसवून त्यांना नंबर दिले. शहाणी!

दशांश म्हणाला, 'बघ, मग तुझी चूक एकटी नाही.' यात दिलासा कुठे आहे ते मला कळलं नाही.

८ मार्च, शनिवार

शेडवर गेले. जाऊ नये असं वाटत असताना गेले.

मोठा पत्र्याचा मांडव, दोन्ही बाजू उघड्या. मधून पट्टा सरकत असतो आणि दोन्हीकडे बायका उभ्या. डोळ्यांपेक्षा हात आधी चालतात. वहिनी पिशवी नुसती चुरगाळते, आवाजावरून सांगते — ही वितळेल, ही नाही. चुरचुर वाजली की एका ढिगात, मऊ पडली की दुसऱ्यात. वेफर्सच्या पाकिटासारखं चकचकीत काही आलं की तोंड वाकडं करते. त्यात आत चांदीचा थर, बाहेर प्लास्टिक, मध्ये आणखी काही. ते कुणीच घेत नाही.

दादा वजनकाट्याजवळ होता. खोकत होता. बावीस वर्षांची धूळ. मला बघून खुलला. 'ये बारके! आमची वकीलीण आली!' सगळ्यांना ओरडून सांगितलं, 'हिच्यामुळे शेड राहणार आपली!' बायका हसल्या. एकीनं हातमोजा काढून माझा हात हातात घेतला. मला तिथल्या तिथे जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

चहा घेताना विचारलं, 'दादा, आत शंभर किलो आलं तर ते वितळवून प्लास्टिकचे दाणे करणाऱ्यांकडे खरोखर जातं किती?'

'सत्तर.'

'खरोखर?'

त्यानं कप खाली ठेवला. 'कुणासाठी विचारतेस?'

मग मी सांगून टाकलं. चूक झाली, एक्क्याण्णव नाही, सगळ्यांचेच आकडे पुन्हा मोजावे लागतील, शेडचाही. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा मिटत गेला.

'सुधारलं नाहीस तर कुणाला कळेल?'

'कदाचित कुणालाच नाही.'

'आणि सुधारलंस तर भट्टी.'

'तेही माहीत नाही, दादा.'

'मला माहीत आहे!' तो उठला. 'चुकून का होईना, एकदा आमच्या बाजूचं काही लिहिलं गेलं. तेही तुझ्या हातून. आणि तूच आता खोडरबर घेऊन आलीस. सख्ख्या भावाच्या पोटावर पाय देऊन खरेपणाचा टिळा लावून घे जा!'

पट्टा चालूच होता, तरी सगळ्यांनी ऐकलं असणार. मी पर्स उचलली.

फाटकापर्यंत वहिनी आली. हातमोजे काढत हळूच म्हणाली, 'वन्सं, सत्तर नाही. अठ्ठावन्न. बाकीचं मागच्या गाडीनं कचऱ्याच्या टेकडीवर जातं. हे खोटं बोलत नाहीत हो. गेल्या वर्षी सत्तर होतं. मग तेल स्वस्त झालं, नवं प्लास्टिक आमच्या दाण्यापेक्षा कमी भावात मिळायला लागलं. घेणारेच आटले. आम्ही निवडतो तेवढंच, पण विकत कोण घेणार?'

अठ्ठावन्न. मी न विचारता तो आकडा दिला तिनं.

९ मार्च, रविवार

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, 'मग दे कळवून. त्यात काय?' आणि भाजी आणायला गेला. या माणसाची झोप आणि भूक कशानंच ढळत नाही. कधी हेवा वाटतो, कधी चीड येते. आज दोन्ही.

साधं कपाटही आवरता आलं नाही. एकच विचार — चूक कबूल केली की दादाचं काम जाणार. नाही केली तर पंचवीस वर्षांचा निर्णय माझ्या न वाचलेल्या तळटिपेवर उभा राहणार. आणि उद्या कुणी ती वाचली तर? शेडवाल्यांनी आकडा फुगवून घेतला म्हणतील. तेव्हा शेडही जाईल आणि अब्रूही.

म्हणजे खरं बोलणंच दादाच्या फायद्याचं? की हे मी स्वतःला पटवतेय? मला माझंच कळेना झालंय.

१० मार्च, सोमवार

मॅडमना सांगितलं. दोन्ही गोष्टी. आधी आकडा, मग भाऊ.

आकड्यावर त्या नुसत्या पांढऱ्या पडल्या. भावावर दार लावून घेतलं. 'हे आधी का नाही सांगितलंस?' मग स्वतःच म्हणाल्या, 'अगं, चूक माफ होते. पण चूक भावाच्या बाजूनं झाली तर तिला चूक म्हणत नाहीत!'

हेच, हेच मला सहा दिवस खात होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर मात्र ते शब्द सुरीसारखे लागले.

त्यांनी अहवाल उघडून पानं चाळली. मग म्हणाल्या, 'शेवटच्या पानावर लहान अक्षरात टाकू. तांत्रिक दुरुस्ती. कुणाच्या लक्षात येणार नाही.'

'मॅडम, म्हणजे आणखी एक तळटीप.'

त्या हसल्या नाहीत. अहवाल मिटला आणि म्हणाल्या, 'अठराला समितीपुढे सुनावणी आहे. तूच बोल. तोपर्यंत चौघांनाही एकाच दारात मोजून दाखव.'

१२ मार्च, बुधवार

कुठलं दार ते ठरलं — सर्वांत शेवटचं. जिथून दाणा बाहेर पडतो आणि नवी वस्तू करायला जातो. त्याच्या आधी मोजलं ते मोजलं नाही.

चारही ठिकाणच्या खात्यांना ईमेल धाडले. दशांश स्वतःचं काम टाकून माझ्याबरोबर बसतोय. वर म्हणतो, 'उपकार नाहीत. मला झोप येत नाही असले आकडे बघून.'

दादाचा फोन नाही. मी केला, उचलला नाही.

१४ मार्च, शुक्रवार

जहाजवाल्यांचं उत्तर आलं. एकच ओळ. 'बंदरापुढचं आम्ही मोजत नाही.' निदान खरं तरी बोलले!

भट्टीवाल्यांचा करार सापडला. सत्तर पानांचा, आम्ही वाचला. एकविसाव्या पानावर खरा मासला. शहरानं भट्टीला रोज ठरलेला कचरा द्यायचाच. कमी पडला तर न दिलेल्या कचऱ्याचेही पैसे भरायचे. म्हणजे लोकांनी शहाणपणानं कचरा कमी केला तर दंड! गेली काही वर्षं तिथला कचरा खरंच घटलाय, तर आता भट्टीचं पोट भरायला शेजारच्या देशांकडून कचरा मागवतात. हत्ती बांधला दारात, आता गवत शोधत गावभर हिंडा. आणि आपल्या समितीपुढे भट्टी 'सर्वांत स्वस्त' म्हणून मांडलीय. पहिल्या वर्षी स्वस्त. पंचविसाव्या वर्षी?

अनामतीत निदान गोळा करण्याचा खर्च बाटली बनवणाऱ्याच्या गळ्यात पडतो. भट्टीत आपल्या.

हे बघून मला आनंद झाला. आणि लगेच भीती वाटली — हा आनंद अभ्यास करणारीचा, की मुकादमाच्या बहिणीचा? आकडा आपल्या मनासारखा आला की दोनदा तपासायचा, असं ठरवलंय. तीनदा तपासला.

१५ मार्च, शनिवार

शेवटच्या दारात, शंभरातले: बाटलीवाले एक्केचाळीस. पिशवीवाले तेहेतीस. भट्टीवाले चोवीस. जहाजवाले — माहीत नाही.

एक्क्याण्णवाचे एक्केचाळीस. आपल्याच हातानं आपले पन्नास कापल्यासारखं वाटलं.

वहिनीला फोन केला. 'दादा आहे का?' 'नाहीत, वन्सं.' 'रागावलाय अजून?' ती घुटमळली. 'ते... बोलण्याच्या मनःस्थितीत नाहीत सध्या.' मागे पट्ट्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, 'मंगळवारी सुनावणी आहे.' म्हणाली, 'माहीत आहे त्यांना.'

१७ मार्च, सोमवार

उद्या. आरशासमोर उभी राहून बोलून पाहिलं. आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी.

१८ मार्च, मंगळवार

झाली सुनावणी. संध्याकाळी घरी येऊन थेट वही उघडलीय. चपलाही काढलेल्या नाहीत.

लांबट टेबल. पलीकडे सात जण, अलीकडे मी. मॅडम आणि दशांश मागच्या खुर्च्यांवर. पहिलंच वाक्य मी म्हटलं, 'अहवालातला एक्क्याण्णव हा आकडा चुकीचा आहे.'

अध्यक्षांनी हातातलं पेन खाली ठेवलं. 'कसा काय?'

'मी तळटीप वाचली नाही.'

कुणीतरी फिस्सकन हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. मग मी दारं सांगितली. एकेका देशाची. सुरुवातीला कागद बघून बोलत होते, मग तो विसरले. इतकी विसरले की ऐन रंगात तोंडातून निघून गेलं — 'आता बाटलीवाल्यांचं बघा!' सगळ्यांनी माना वर केल्या. कान तापले माझे. पण अध्यक्ष म्हणाले, 'बाटलीवाले! बरं नाव आहे. पुढे?' आणि त्यानंतर तेही भट्टीवाले, जहाजवाले असंच म्हणायला लागले.

एक सदस्य आहेत टायवाले. भट्टीची बाजू पहिल्यापासून त्यांची. ते म्हणाले, 'म्हणजे ज्या पद्धतीची बाई शिफारस करत होत्या, तिचा आकडा निम्म्याहून खाली आला. मग भट्टीच बरी नाही का?'

'भट्टी चोवीस आहे, साहेब. जाळलेलं परत येत नाही.' आणि कराराचं एकविसावं पान पुढे ठेवलं. त्यांनी ते वाचलं. दोनदा वाचलं.

'आणि आपल्या शेड?' अध्यक्षांनी विचारलं.

'एका शेडचा आकडा आहे माझ्याकडे. अठ्ठावन्न. पण तो फक्त शेडमध्ये आलेल्या मालाचा. शहरातलं किती तिथवर पोचतच नाही, ते कुणी मोजलेलं नाही. त्यामुळे या चौघांच्या रांगेत तो बसवू नका.'

टायवाले पुढे झुकले. 'हा आकडा तुम्हाला दिला कुणी? त्या शेडमध्ये तुमचं कुणी आहे का?'

मॅडमचा श्वास मला मागून ऐकू आला.

'हो,' मी म्हटलं. 'माझा सख्खा भाऊ तिथे मुकादम आहे. वहिनी पट्ट्यावर आहे.'

बाजूला बसलेल्या लेखनिकानं लिहून घेतलं. टायवाले खुर्चीला टेकले. चेहऱ्यावर लिहिलेलं होतं — सापडली! अध्यक्ष म्हणाले, 'हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं.'

'हो. हवं होतं.'

'तुमच्या भावाला तुमचं आजचं बोलणं आवडेल?'

'तो दहा दिवस माझ्याशी बोललेला नाही, साहेब.'

अध्यक्षांनी कागद गोळा केले.

बाहेर आल्यावर मॅडमनी पाण्याची बाटली पुढे केली. दशांश म्हणाला, 'अठ्ठेचाळीस मिनिटं बोललीस.' मग थांबून, 'पूर्णांक शून्य.'

२० मार्च, गुरुवार

काही कळलं नाही.

२१ मार्च, शुक्रवार

काहीच नाही. दादाकडूनही नाही, समितीकडूनही नाही — सगळ्यांनी मिळून तोंडाला कुलूप घातलंय जणू. कचेरीत लोक माझ्याशी जपून बोलतात. आजारी माणसाशी बोलतात तसं. नोकरी जाईल का, हा प्रश्न मी आतापर्यंत मनातही आणला नव्हता. आज आला आणि बसून राहिला.

२४ मार्च, सोमवार

निकाल आला! मॅडमनी सगळ्यांसमोर वाचून दाखवला.

भट्टीचा करार बाजूला ठेवला. बाटल्यांना अनामत — एक वर्ष करून बघणार. पाचही शेडना वर्षाची मुदतवाढ, पण प्रत्येक शेडच्या बाहेर जाणाऱ्या दारात काटा बसवायचा आणि आकडा दर महिन्याला उघड लावायचा. चकचकीत थरांच्या पाकिटांचा खर्च ती बनवणाऱ्यांकडून कसा घ्यायचा, यावर वेगळा अहवाल. तो आमच्याच कचेरीनं करायचा. मला लेखी ताकीद — नातं न सांगितल्याबद्दल. ताकीद! फक्त ताकीद! मी इतक्या जोरात सुटकेचा श्वास सोडला की मॅडम म्हणाल्या, 'अगं, बक्षीस नाही दिलेलं.'

एक वर्ष. फार नाही. पण शेड आहे.

दादाला फोन केला. उचलला नाही. असू दे. उद्या स्वतःच जाते. पाठीत दोन धपाटे घालेल आणि मग बोलेल.

२५ मार्च, मंगळवार

काट्याजवळच्या खुर्चीवर वहिनी होती. मला वाटलं, दादा आत असेल.

'ते येत नाहीत, वन्सं. अकरा तारखेपासून.' टेबलाच्या खणातून तिनं राजीनाम्याची प्रत काढली. दादाचं अक्षर. वर तारीख — ११ मार्च. भाजीच्या ठोक बाजारात माल उतरवायचं काम धरलंय म्हणाली. निम्म्या पगारावर. 'तुम्हाला सांगू नको म्हणाले. म्हणाले, ती खरं बोलणार, आणि लोक माझं नाव काढून तिचं खरं खोटं पाडणार. मग मीच नको तिथं.'

मी विचारलं, 'वहिनी, खरं सांग. माझ्यासाठी सोडलं की माझ्यावरच्या रागानं?'

तिनं एक पिशवी उचलली, चुरगाळली, आवाज ऐकला.

'दोन्ही,' म्हणाली.

समितीच्या कागदावर माझ्या तोंडचं वाक्य आहे — 'माझा सख्खा भाऊ तिथे मुकादम आहे.' मी ते बोलले तेव्हा त्याला सात दिवस झाले होते तिथून जाऊन.